अकरा डॅमेज पडलं तरी पाचच का धरायचं? : वेपन रेझिस्टन्सची पहिली ओळख

डाइस चांगला पडतो, वार बसतो, खेळाडू डॅमेजची (वाराने होणाऱ्या इजेची) बेरीज करून "अकरा!" म्हणून ओरडतो आणि डीएम (खेळ चालवणारा सूत्रधार) वहीत पाच लिहितो. डंजन्स अँड ड्रॅगन्स नव्याने खेळायला लागलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं, आणि बहुतेकांना तो अन्याय वाटतो. मूळ नियम खरं तर अर्ध्या पानात मावतो. घोळ होतो तो दोन कारणांनी. खेळाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांमध्ये नियम निराळा आहे आणि नेटवर शोधलं की सगळ्यांची उत्तरं एकात एक मिसळून येतात. शिवाय कित्येक डीएम ही माहिती तिजोरीत ठेवल्यासारखी जपतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो: रेझिस्टन्स, म्हणजे मॉन्स्टरला ठरावीक प्रकारचा वार निम्माच लागणं, हे खेळाडूंना घातलेलं कोडं. ते सोडवायची वाटच ठेवलेली नसेल तर त्या लढाईत नुसता वेळ जातो, मजा येत नाही. पुढचं सगळं याच नजरेने लिहिलं आहे.

पायरी १ : टेबलावर कुठली आवृत्ती आहे ते विचारा

आज बहुतेक ग्रुप पाचवी आवृत्ती खेळतात, पण तिच्यातही दोन घराणी झाली आहेत. पहिली २०१४ ची. दुसरी सुधारलेली : तिचं खेळाडूंचं पुस्तक सप्टेंबर २०२४ मध्ये आलं, डीएमचं त्याच नोव्हेंबरात आणि मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी २०२५ मध्ये.

आपल्या विषयापुरता फरक मोठा आहे. २०१४ च्या पुस्तकात ढिगाने मॉन्स्टर असे आहेत ज्यांच्यावर साध्या शस्त्राचा वार अर्धाच लागतो किंवा लागतच नाही, पण जादूच्या शस्त्राचा पूर्ण लागतो. २०२५ च्या पुस्तकातून हे "जादूचं की साधं" प्रकरणच काढून टाकलं आहे. काही मॉन्स्टरांना सरसकट रेझिस्टन्स मिळाला, तो जादूची तलवार असली तरी लागू. बऱ्याच जणांचा रेझिस्टन्स गेला आणि त्याऐवजी हिट पॉइंट (जीव किती उरला याचा आकडा) वाढले. वेअरवुल्फ (लांडग्याचं रूप घेणारा माणूस) हे ठळक उदाहरण : २०१४ मध्ये त्याचे ५८ हिट पॉइंट आणि साध्या शस्त्रापासून पूर्ण मुक्ती, २०२५ मध्ये ७१ हिट पॉइंट आणि कसलीच मुक्ती नाही.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला प्रश्न टाकायचा तो "दादा, मॉन्स्टर कुठल्या पुस्तकातले घेतोयस?" पुस्तकं विकत घेतलेली नसली तरी अडत नाही. दोन्ही घराण्यांचे मूळ नियम एसआरडी (सिस्टीम रेफरन्स डॉक्युमेंट) या नावाने फुकट मिळतात. २०१४ चे नियम ज्यात आहेत ती एसआरडी ५.१ जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली आहे, आणि नव्या नियमांची ५.२ एप्रिल २०२५ मध्ये आली.

खाली जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे २०१४ चे आकडे आहेत, कारण चालू असलेल्या मोहिमांमध्ये अजून तेच जास्त दिसतात आणि गोंधळही तिथेच जास्त आहे.

पायरी २ : तीन शब्द आणि त्यांचं गणित

रेझिस्टन्स : डॅमेज निम्मं, अपूर्णांक आला तर खाली. अकराचे साडेपाच, म्हणजे पाच.
व्हल्नरेबिलिटी : डॅमेज दुप्पट.
इम्युनिटी : शून्य. पालथ्या घड्यावर पाणी.

हे तिन्ही कुठल्या तरी डॅमेजच्या प्रकाराला चिकटलेले असतात. प्रकार एकूण तेरा आहेत, पण शस्त्रांचे तीनच. ब्लजनिंग म्हणजे ठेचणारं : गदा, हातोडा, काठी, गोफणीचा गोळा. पिअर्सिंग म्हणजे भोसकणारं : बाण, भाला, खंजीर, रेपिअर. स्लॅशिंग म्हणजे कापणारं : तलवार, कुऱ्हाड. मॉन्स्टरच्या चाव्याला आणि नखांनाही यातलाच एखादा प्रकार दिलेला असतो.

एकाच वारात दोन प्रकारचं डॅमेज असेल तर ते वेगवेगळं मोजा. समजा तुमची तलवार आगीने पेटलेली आहे. वारात ९ स्लॅशिंग आणि ७ फायर पडलं. समोरच्याला स्लॅशिंगचा रेझिस्टन्स आहे, आगीचा नाही. नवाचे चार, सात तसेच, एकूण अकरा. सोळाची बेरीज करून मग निम्मे आठ करणारे डीएम मी पाहिले आहेत, आणि त्यात खेळाडूचे तीन पॉइंट विनाकारण जातात.

क्रमही ठरलेला आहे. आधी अधिक-उणे, मग रेझिस्टन्स, मग व्हल्नरेबिलिटी. मॉन्स्टरभोवती असं एखादं वलय आहे की प्रत्येक वारातून तीन कमी होतात, शिवाय त्याला रेझिस्टन्स आहे, आणि तुम्ही सतरा मारले : सतरा उणे तीन चौदा, त्याचे निम्मे सात. उलट्या क्रमाने केलं तर पाच येतात, आणि ते चूक. सेव्हिंग थ्रो (मार चुकवायला टाकलेला डाइस) यशस्वी झाल्याने होणारं निम्मंसुद्धा आधी धरायचं. २८ चा फायरबॉल, सेव्ह केला म्हणून १४, आगीचा रेझिस्टन्स म्हणून ७.

एकाच प्रकाराला दोन ठिकाणांहून रेझिस्टन्स मिळाला तरी तो एकदाच धरतात. पाव होत नाही.

पायरी ३ : स्टॅट ब्लॉकमधली ओळ शब्दन् शब्द वाचा

ही पायरी मुख्यतः डीएमची, पण खेळाडूंनीही वाचावी. २०१४ च्या स्टॅट ब्लॉकमध्ये (मॉन्स्टरचे आकडे दिलेल्या चौकटीत) रेझिस्टन्सची ओळ अर्धविरामाने तोडलेली असते. भुताची ओळ बघा : आधी अ‍ॅसिड, फायर, लाइटनिंग, थंडर, मग अर्धविराम, मग "ब्लजनिंग, पिअर्सिंग अँड स्लॅशिंग फ्रॉम नॉनमॅजिकल अटॅक्स". शेवटची अट फक्त अर्धविरामानंतरच्या तिघांना लागते. आगीचा रेझिस्टन्स जादूच्या आगीलाही आहेच.

आता वेअरवुल्फ. त्याच्या इम्युनिटीच्या ओळीत "नॉनमॅजिकल अटॅक्स"च्या पुढे आणखी एक शेपूट आहे : चांदी चढवलेल्या शस्त्राचे नसलेले. याचा साधा अर्थ असा की दोन किल्ल्या आहेत आणि कुठलीही एक चालते. साध्या तलवारीला चांदीचा मुलामा दिलेला असला तरी पुरे, किंवा बिनचांदीची पण जादूची तलवार असली तरी पुरे. जादू आणि चांदी दोन्ही हवं असा हट्ट धरणारे भेटतात. ओळ तसं म्हणत नाही. गार्गॉइलच्या ओळीत चांदीच्या जागी अ‍ॅडमंटाइन नावाचा कल्पित, अतिकठीण धातू आहे, बाकी रचना तीच.

उंदरांच्या झुंडीचं मात्र उलटं. तिच्या ओळीत ब्लजनिंग, पिअर्सिंग, स्लॅशिंग असं लिहून पूर्णविराम. "नॉनमॅजिकल" शब्दच नाही. मग तुमची +१ (वाराला एक जादा देणारी, जादूची) तलवार असो की आजोबांचा वारसा असलेली मंतरलेली कुऱ्हाड, निम्मंच लागणार. झुंडीला आग लावा, म्हणजे प्रश्न मिटला.

"अटॅक्स" या शब्दाकडेही नीट बघा. पुस्तकाच्या सुरुवातीच्या छपाईत तिथे "वेपन्स" होतं, नंतर दुरुस्ती करून "अटॅक्स" केलं, आणि त्याने बरंच काही बदललं. अस्वलाचा चावा हे शस्त्र नाही, पण हल्ला आहे, म्हणून तो वेअरवुल्फला लागत नाही. ड्रुइडने (निसर्गाची जादू करणाऱ्याने) मंत्राने बोलावलेल्या लांडग्यांचा चावाही साधाच. बोलावणं जादूचं होतं, दात जादूचे नाहीत. पण कड्यावरून पडणं हा हल्ला नव्हे. त्यामुळे ज्या वेअरवुल्फला तुमच्या तलवारीचा ओरखडाही उठत नाही, त्याला तीस फुटांवरून ढकललं तर तीन डी६ (सहा बाजूंचे डाइस) ब्लजनिंग पूर्ण लागतं. हे वाचून पहिल्यांदा हसू येतं, पण नियमाच्या शब्दात ते बसतं आणि मला तर ते आवडतं : शक्ती चालत नाही तिथे युक्ती चालते.

पायरी ४ : आपल्या कॅरेक्टरचं दुसरं शस्त्र आजच ठरवा

इथून पुढे खेळाडूंसाठी. तुमच्या शीटवर एकच शस्त्र लिहिलेलं असेल तर तुम्ही अर्धेच तयार आहात.

सगळ्यात स्वस्त धडा सांगाड्यापासून मिळतो. स्केलेटनचे १३ हिट पॉइंट, आर्मर क्लास (वार बसायला गाठायचा आकडा) १३, आणि ब्लजनिंगची व्हल्नरेबिलिटी. फायटरच्या हातात लाँगसोर्ड आहे, डॅमेज डी८ अधिक ३. आठ पडला तरी अकराच. क्रिटिकल (डाइसवर वीस पडलेला जबर वार) सोडला तर एका घावात सांगाडा पडणं शक्यच नाही. तोच फायटर पाच सोन्याच्या नाण्यांची गदा उचलतो, डी६ अधिक ३. चार पडला तर सात, दुप्पट चौदा, सांगाडा जमिनीवर. म्हणजे बसलेल्या निम्म्या वारांत एकेक गडी कोसळतो. तीन पडला तर बारा होतात आणि एका पॉइंटवर तो उभा राहतो. असा एक पॉइंटवर डुलणारा सांगाडा टेबलावर जितका आरडाओरडा करवतो तितका ड्रॅगनही करवत नाही.

गदेचा डाइस तलवारीपेक्षा छोटा आहे म्हणून नवे खेळाडू ती घेत नाहीत. आकडा एकट्याने बघायचा नसतो, समोर कोण आहे त्यासकट बघायचा.

धनुर्धारी रोग (rogue, चोरासारखा चपळ गडी) आणि रेंजर म्हणतात, आमच्याकडे फक्त बाण, आम्ही काय करायचं? गोफण. एक चांदीचं नाणं किंमत, डी४ ब्लजनिंग, आणि लांब पल्ल्याचं शस्त्र असल्याने रोगचा स्नीक अटॅकही (डाव साधून केलेला, जादा डाइसचा वार) तिच्यावर चालतो. स्नीक अटॅकच्या जादा डाइसना शस्त्राचाच प्रकार मिळतो, म्हणून सांगाड्यावर ते सगळे मिळून दुप्पट. याच कारणाने रेझिस्टन्स असलेल्या मॉन्स्टरपुढे रोगची हवा जाते : डी४ सोबत स्नीक अटॅकही निम्मा होतो. पॅलाडिनचं (धर्मयोद्ध्याचं) नशीब वेगळं. त्याच्या डिव्हाइन स्माइटचं डॅमेज रेडियंट (दैवी प्रकाशाचं) असतं, तलवार अडली तरी स्माइट आरपार जातो.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे ब्लॅक पुडिंग, काळ्या चिकट लगद्यासारखा मॉन्स्टर, हिट पॉइंट ८५. त्याला स्लॅशिंगची इम्युनिटी आहे, आणि वर कापलं की त्याचे दोन होतात. तुम्ही तलवार मारली, डॅमेज शून्य, आणि आता ४२-४२ चे दोन लगदे तुमच्याकडे सरकताहेत. तिसऱ्या वारानंतर कुणीतरी ओरडतं, "अरे थांब, कापू नकोस!" शिवाय त्याला लागलेलं साधं धातूचं किंवा लाकडी शस्त्र दर वाराला झिजतं : डॅमेजमध्ये कायमचं उणे एक, उणे पाच झालं की शस्त्र गेलं. इथे भाला किंवा हातोडाही जपून वापरा. आग असेल तर तीच बरी.

मूळ मुद्दा एवढाच की ठेचणारं, भोसकणारं आणि कापणारं, तिन्ही ग्रुपमध्ये कुणाकडे तरी असायला हवं. एकाच्याच पाठीवर तिन्ही लादायची गरज नाही.

पायरी ५ : जादूचं शस्त्र नसेल तर

पहिल्या तीन-चार लेव्हलमध्ये जादूचं शस्त्र बहुधा नसतंच, आणि नेमका तेव्हाच वेअरवुल्फ गाठतो. चांदी चढवायला एका शस्त्राला किंवा दहा बाणांना १०० सोन्याची नाणी लागतात. सुरुवातीला पैशाने सामान घेणाऱ्या फायटरकडे सरासरी १२५ असतात, म्हणजे एकट्याला परवडत नाही. ग्रुपने वर्गणी काढून दहा बाण चांदीचे करून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. लढाईनंतर त्यातले निम्मे शोधून परत मिळतात आणि धनुष्य कुणाच्याही हातात देता येतं.

पैसे नसतील तर इकडे बघा.

मंत्र. फायर बोल्ट, सेक्रेड फ्लेम यांसारखे कँट्रिप कितीही वेळा मारता येतात आणि त्यांचं डॅमेज आगीचं किंवा रेडियंट असतं. शस्त्राच्या रेझिस्टन्सशी त्यांचा संबंध नाही. ड्रुइडचं शिलेले काठीला एका मिनिटासाठी जादूचं शस्त्र बनवतं. दुसऱ्या लेव्हलचा मॅजिक वेपन मंत्र एका साध्या शस्त्राला तासभर +१ करतो, पण तो टिकवायला कॉन्सन्ट्रेशन (मार बसला की तुटू शकणारं लक्ष) लागतं. विझार्डला मार बसू देऊ नका. तो मंत्र लढाईच्या आधी टाकला तर सोन्याहून पिवळं.

क्लासची (कॅरेक्टरच्या पेशाची) ताकद. मंकच्या बुक्क्या सहाव्या लेव्हलला जादूच्या मानल्या जातात. सर्कल ऑफ द मूनच्या ड्रुइडचे पशुरूपातले हल्लेही सहाव्या लेव्हलपासून. पॅक्ट ऑफ द ब्लेड घेतलेल्या वॉरलॉकचं शस्त्र तिसऱ्यापासूनच जादूचं. आणि धनुष्य जादूचं असेल तर त्यातून सुटलेला साधा बाणही रेझिस्टन्स-इम्युनिटीपुरता जादूचा धरतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

बाजारातला माल. अ‍ॅसिडची कुपी २५ नाण्यांना, डॅमेज दोन डी६. अल्केमिस्ट्स फायर ५० नाण्यांना. होली वॉटर २५ ला, तेही दोन डी६ रेडियंट, पण फक्त अनडेड (मेलेले पण चालते-फिरते) आणि फीन्डवर (सैतानी जीवांवर). वेअरवुल्फवर ओतलं तर तो फक्त भिजेल. साध्या तेलाची कुपी एका चांदीच्या नाण्यात येते. अंगावर फोडायची आणि पुढच्या मिनिटभरात आग दाखवली की पाच फायर डॅमेज जादा. नुसत्या पेटत्या मशालीच्या फटक्याने एक पॉइंट जातो, ५८ मधला एक. एवढ्यावर अवलंबून राहू नका.

आणि ज्यात डॅमेजच नाही असं सगळं. ढकलणं, धरून ठेवणं, दार लावून घेणं, जाळं टाकणं. इम्युनिटी डॅमेजला असते, मिठीला नाही. दणकट फायटर वेअरवुल्फला पकडून ठेवतो आणि विझार्ड मागून फायर बोल्ट टाकत राहतो, या जोडीने मी बऱ्याच लढाया फिरलेल्या पाहिल्या आहेत. फक्त पकडणाऱ्याला चावा बसला तर कॉन्स्टिट्यूशनचा (शरीराच्या चिवटपणाचा) सेव्ह करावा लागतो, नाहीतर पुढच्या पौर्णिमेला तोच तुमची डोकेदुखी.

पायरी ६ : कोडं ओळखा

मॉन्स्टरचं पान उघडून बघणं ही फसवणूक झाली. पण तुमचं कॅरेक्टर त्याच जगात वाढलेलं आहे. त्याला काहीतरी माहीत असणारच. डीएमला विचारा, "याच्याबद्दल मला काय ठाऊक असेल?" कुठल्या स्किलचा रोल करायचा याचा तक्ता २०२४ च्या नियमांत सरळ दिला आहे आणि जुन्या नियमांनी खेळणाऱ्यांनीही तोच वापरावा : अनडेड आणि फीन्डसाठी रिलिजन, कन्स्ट्रक्ट, एलिमेंटल आणि मॉन्स्ट्रॉसिटीसाठी आर्काना, पशू, ड्रॅगन, लगदे, वनस्पती यांच्यासाठी नेचर, जायंट आणि माणसांसारख्यांसाठी हिस्ट्री.

रोल चुकला तरी वार करून कळतंच, पण डीएम काय बोलतो ते कान देऊन ऐकलं तर. तीन निरनिराळ्या गोष्टी नव्यांना एकसारख्याच वाटतात. निम्मं लागणं, काहीच न लागणं आणि लागून भरून येणं. ट्रोलला तलवारीचा रेझिस्टन्स अजिबात नाही. त्याला पूर्ण लागतं, पण आपल्या पाळीच्या सुरुवातीला तो दहा हिट पॉइंट परत मिळवतो, अ‍ॅसिड किंवा आग लागली असेल तर त्या खेपेला मिळत नाहीत. झॉम्बीलाही रेझिस्टन्स नाही. शून्यावर आल्यावर तो एक सेव्ह करतो आणि जमला तर एका पॉइंटवर परत उठतो. रेडियंट डॅमेजने किंवा क्रिटिकलने मारला तर मात्र उठत नाही. या दोघांपुढे शस्त्र बदलून काही होत नाही, डॅमेजचा प्रकार बदलावा लागतो.

पायरी ७ : डीएमची तयारी

पहिलं, शब्द. "निम्मं लागलं" एवढं सांगितलं तरी चालतं, पण दृश्यातून सांगितलं तर खेळाडू स्वतः शोधल्याच्या आनंदात असतात. माझी ठरलेली वाक्यं अशी. रेझिस्टन्स : "वार बसला, पण तुला अपेक्षा होती तितकं खोल गेलं नाही." इम्युनिटी : "केस कापले गेले, खाली कातडीवर ओरखडाही नाही. तो तुझ्याकडे बघून दात विचकतो." व्हल्नरेबिलिटी : "कडाड! एका फटक्यात बरगड्यांचा चुरा." भरून येणं : "जखम झाली, रक्त आलं, आणि आता तुझ्यासमोर ती मिटतेय." प्रत्येकासाठी एकच ठरावीक ठसा ठेवा. दुसऱ्या सत्रापासून खेळाडू तो ओळखायला लागतात.

दुसरं, खबर आधी पोचवा. वेअरवुल्फ आणायचा असेल तर गावातल्या लोहाराच्या दुकानात चांदीचे बाण टांगलेले दिसू द्या, नाहीतर मेलेल्या शिकाऱ्याच्या भात्यात तीन सापडू द्या. धर्मशाळेतली म्हातारी "पुनवेच्या आधी कोकराच्या गळ्यात चांदीची घंटा बांधतात आमच्याकडे" असं बोलून जाईल. सगळे खेळाडू सगळं पकडत नाहीत, म्हणून एकच गोष्ट दोन-तीन मार्गांनी सांगा.

तिसरं, हिशोब. २०१४ चं डीएमचं पुस्तक या रेझिस्टन्सची किंमत आकड्यात सांगतं. मॉन्स्टरचा चॅलेंज रेटिंग (तो किती अवघड याचा आकडा) १ ते ४ असेल आणि तीन किंवा जास्त प्रकारांचा रेझिस्टन्स असेल, शिवाय सगळ्या खेळाडूंकडे तोडगा नसेल, तर त्याचे हिट पॉइंट दुप्पट धरा. ५ ते १० असेल तर दीडपट, ११ ते १६ ला सव्वापट आणि १७ पासून पुढे काहीच वाढवू नका. इम्युनिटीला याच क्रमाने दुप्पट, दुप्पट, दीडपट, सव्वापट. वरच्या लेव्हलला सगळ्यांकडे जादूची शस्त्रं असतात हे लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं आहे, म्हणून आकडा उतरत जातो. तुमच्या मोहिमेत जादूची शस्त्रं दुर्मिळ असतील तर हे गृहीतक मोडतं आणि लढाई छापलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी जड जाते.

शॅडो या मॉन्स्टरपासून तर विशेष जपा. चॅलेंज रेटिंग अर्धा, हिट पॉइंट १६, दिसायला किरकोळ. पण साध्या शस्त्राचा रेझिस्टन्स असल्याने पहिल्या लेव्हलच्या फायटरला तो ३२ चा पडतो, अ‍ॅसिड, आग, थंडी, वीज, गडगडाट यांचाही निम्माच मार लागतो, आणि त्याच्या प्रत्येक स्पर्शाने स्ट्रेंग्थ एक डी४ ने घटते. स्ट्रेंग्थ शून्य झाली की कॅरेक्टर मेलं, डेथ सेव्हसुद्धा (मरणाच्या दारातून वाचवणारा रोल) नाही. नव्या ग्रुपसमोर चार शॅडो सोडणं म्हणजे खेळ एका रात्रीत संपवणं. त्याला रेडियंटची व्हल्नरेबिलिटी आहे; ग्रुपमध्ये क्लेरिक (दैवी मंत्र टाकणारा पुजारी) नसेल तर मी शॅडो आणतच नाही.

थोडा इतिहास, नेटवर शोधताना उपयोगी

जुन्या चर्चा वाचताना इतर आवृत्त्यांची भाषा समोर येते. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये वेअरवुल्फला निम्म्याची भानगड नव्हती : चांदीचं किंवा किमान +१ शस्त्र लागायचं, बाकी वार फुकट. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत डॅमेज रिडक्शन आलं, म्हणजे प्रत्येक वारातून ठरावीक आकडा वजा, आणि २००३ च्या ३.५ मध्ये त्याला धातू, शस्त्राचा प्रकार, अगदी सद्गुण-दुर्गुणाच्याही अटी लागल्या. खेळाडू चांदीची एक, लोखंडाची एक, अ‍ॅडमंटाइनची एक अशा तलवारी पाठीवर घेऊन फिरायला लागले आणि त्यावर गोल्फच्या बॅगेचा विनोद रूढ झाला. पाचव्या आवृत्तीचं सोपं निम्मं त्या ओझ्याला उत्तर म्हणून वाचा.

यात आपल्या ओळखीचा एक जण आहे : राक्षस. या खेळातला राक्षस वाघाच्या तोंडाचा, उलट्या तळव्यांचा आणि झुळझुळीत कपड्यांतला असतो. आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाशी त्याचं फारसं नातं नाही. पण १९७७ मध्ये क्लेरिकने आशीर्वाद दिलेला क्रॉसबोचा बाण त्याला जागीच मारायचा. ३.५ मध्ये त्याचं डॅमेज रिडक्शन पंधराचं, आणि ते टाळायला शस्त्र सद्गुणी आणि भोसकणारं असं दोन्ही लागायचं. २०१४ मध्ये सज्जन माणसाच्या हातच्या जादूच्या भोसकणाऱ्या शस्त्राने त्याला दुप्पट लागतं. रामाचा बाण या नियमात अगदी चपखल बसतो, लिहिणाऱ्यांच्या मनात ते असो वा नसो.

पाथफाइंडर खेळत असाल तर

पाथफाइंडर हा याच धाटणीचा दुसरा खेळ; त्याची दुसरी आवृत्ती २०१९ ची. तिचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. इथे निम्मं-दुप्पट नाही, आकडे आहेत. रेझिस्टन्स ५ म्हणजे पाच वजा, वीकनेस ५ म्हणजे पाच जमा. स्केलेटन गार्डचे हिट पॉइंट फक्त चार, पण स्लॅशिंग आणि पिअर्सिंगचा रेझिस्टन्स पाच. तलवारीचे सात मारले तर दोनच लागतात. काठीचे चार मारले की खेळ खलास. झॉम्बी शॅम्बलरचे वीस, स्लॅशिंगचा वीकनेस पाच : आठ मारले तर तेरा. छोटे छोटे खूप वार करणारं कॅरेक्टर रेझिस्टन्सपुढे रडतं आणि वीकनेसपुढे नाचतं, कारण आकडा दर वाराला लागतो. क्रमही निराळा : आधी इम्युनिटी, मग वीकनेस, शेवटी रेझिस्टन्स.

दोन्ही खेळ आलटून पालटून खेळणाऱ्यांनी "व्हर्सटाइल" या शब्दाला जपावं. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये त्याचा अर्थ शस्त्र दोन हातांनी धरलं की डाइस मोठा होतो. पाथफाइंडरमध्ये लाँगसोर्डवर "व्हर्सटाइल पी" लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ कापायचं की भोसकायचं ते दर वाराला तुम्ही ठरवता.

जुने मॉन्स्टर, नवी कॅरेक्टर

सध्या सर्वाधिक प्रश्न इथे येतात, कारण लोक २०२४ च्या पुस्तकातून कॅरेक्टर बनवतात आणि जुन्या छापील मोहिमा खेळतात. नव्या मंकच्या बुक्क्या सहाव्या लेव्हलपासून हवं तर फोर्स (शुद्ध जादूच्या शक्तीचं) डॅमेज करतात. फोर्स हे ब्लजनिंग नाही, त्यामुळे जुन्या वेअरवुल्फला ते पूर्ण लागतं. वेगळा निर्णय द्यायची गरज नाही. नव्या शिलेलेलाही फोर्सचा पर्याय आहे, आणि नव्या हंटर्स मार्कचे जादा डाइस फोर्सचेच असतात, जुन्याचे शस्त्राच्या प्रकाराचे असत.

उलट जोडी, म्हणजे जुनी कॅरेक्टर आणि २०२५ चे मॉन्स्टर, तिथे मंकचं "माझ्या बुक्क्या जादूच्या आहेत" हे वाक्य निरुपयोगी ठरतं, कारण ज्या अटीवर ते चालायचं ती अटच मॉन्स्टरच्या पानावर उरलेली नाही. अशा ग्रुपमध्ये मी त्या खेळाडूला नव्या मंकचा फोर्सचा पर्याय सरळ देऊन टाकतो. चांदीचंही तसंच : नव्या नियमांत चांदीचं शस्त्र कुठलीही इम्युनिटी उघडत नाही, रूप बदललेल्या प्राण्यावर क्रिटिकल बसला तर एक डाइस जादा मिळतो एवढंच. कुणी वर्गणी काढून बाण करून घेतले असतील आणि तुम्ही मधेच मॉन्स्टरचं पुस्तक बदललंत, तर त्यांची शंभर नाणी परत द्या.